निनावी वाद्यवृंद

गेल्या पावसाळ्यात येथील विद्यानगरातल्या एका सभागृहात जुन्या चित्रपटगीतांचा एक कार्यक्रम झाला. गाणारे नऊ, ऐकणारे सुमारे दोनशे आणि वाजविणारा एकही नाही. रंगमंचाच्या कोपऱ्यात एक तरुण लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसला होता. गायकाचे नाव पुकारले गेले की तो एक कळ दाबी, आणि ज्याला आजकाल कराओके ट्रॅक म्हणतात तो तयार ओघ, व्हायोलिने, अ‍ॅकॉर्डियन, ढोलक यांच्यासह, सभागृहात लोटे. कार्यक्रम वाईट झाला असे आम्ही म्हणणार नाही. मंडळी हौशी होती, त्यांनी मेहनत घेतली होती, आणि दोघातिघांचे गळे खरोखरच चांगले होते. परंतु पाचव्या की सहाव्या गाण्यात एक प्रौढ बाई मधल्या संगीतानंतर अंतरा उचलण्यास क्षणभर चुकल्या. ट्रॅक पुढे निघून गेला. त्यांनी दोनदा त्यास गाठण्याचा यत्न केला, मग हसून माइक खाली केला, आणि ते संगीत त्यांच्यावाचून शेवटापर्यंत अगदी निर्दोष वाजत राहिले. प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या, त्या सहानुभूतीच्या होत्या.

त्या ठिकाणी चार वादक असते तर काय झाले असते? तबलजीने बाईंच्या तोंडाकडे पाहून आणखी एक आवर्तन धरले असते, अ‍ॅकॉर्डियनवाल्याने शेवटची ओळ पुन्हा एकदा फिरवून आणली असती, आणि ती चूक दोनशेपैकी दहा जणांसही कळली नसती. साथ या शब्दाचा अर्थच हा आहे. आम्ही घरी परतलो ते या साध्या गोष्टीचा विचार करीत: लोकप्रिय संगीतातून वाजविणारी माणसे नाहीशी झाली, आणि ती नाहीशी झाल्याची हळहळ आम्हां श्रोत्यांस इतकी थोडी का वाटली?

या प्रश्नाचे प्रचलित उत्तर एका शब्दाचे आहे: यंत्र. यंत्र आले, माणूस गेला. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. आमच्या मते यंत्र येण्यापूर्वीच तो वादक श्रोत्यांच्या दृष्टीआड झालेला होता. ज्याचे नाव कोणास ठाऊक नाही त्याच्या जागी कळफलक आणून ठेवला तर विचारणार कोण? ही अदृश्यता कशी घडली हे पाहावयाचे तर मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदाकडे, आणि पर्यायाने गोव्याकडे, वळले पाहिजे. हे नियतकालिक मराठी आणि कोंकणी अशा दोन्ही भाषांचे असल्यामुळे या विषयास येथे जागा मागण्याचा आम्हांस थोडा अधिकारही आहे, कारण हा इतिहास त्या दोन्ही भाषांच्या मध्ये पडून राहिलेला आहे.

गोव्यातील चर्चला जोडून चालणाऱ्या शाळांत मेस्त्री मुलांना सोल्फेज घोकवीत, व्हायोलिन हाती देत, आणि पाश्चात्य स्वरलेखन वाचावयास शिकवीत. हेतू अर्थातच प्रार्थनासंगीताचा होता. परंतु कागदावरील टिंबे पाहून वाद्य वाजविता येणारा जो वर्ग या शाळांनी निर्माण केला तो इतर हिंदुस्थानात त्या काळी फारच दुर्मीळ होता, आणि त्यास मागणी लष्करी बँडांपासून संस्थानिकांच्या दरबारांपर्यंत आणि मूकपटांच्या चित्रगृहांपासून बड्या हॉटेलांच्या नृत्यगृहांपर्यंत सर्वत्र होती. गावात पोट भरेना म्हणून ही माणसे व्हायोलिनच्या पेट्या घेऊन कोणी बोटीने, कोणी कॅसलरॉक-लोंढ्यावरून रेल्वेने मुंबईस जात. लोंढा आमच्या हुबळीपासून दूर नाही. त्या फलाटावरून हिंदी चित्रपटसंगीताचा अर्धा संसार गाडीत चढून गेला असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरेल, पण ती करावयास आम्हांस आवडेल.

त्यांपैकी हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ मुंबईस ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले. ट्रंपेटवरील त्यांची हुकमत अशी की लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजे. पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने नृत्यगृहांची कमाई आटली आणि वादकांची पावले अधिकाधिक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांकडे वळली. चिक चॉकलेट यांना सी. रामचंद्र भेटले. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर आणि हळदोण्याचे वाझ यांचा हा संयोग म्हणजे आमच्या लोकप्रिय संगीतातील एक भाग्याची घटना होय. १९५१ च्या ‘अलबेला’त भगवानदादांनी एक धाडस केले: नृत्यगीताच्या दृश्यात त्यांनी चिक चॉकलेट आणि त्यांचे वादक झालरीचे अंगरखे घालून चक्क पडद्यावर उभे केले. हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांनी तो पुन्हा काढून त्या दृश्यातील वादकांचे चेहरे पाहावेत. ते अभिनय करीत नाहीत. आपण काय वाजवितो हे ठाऊक असलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर जी एक बेफिकिरी असते ती तेथे आहे. असे दृश्य हिंदी पडद्यावर अपवादानेच पुन्हा दिसले. नंतरच्या नायकांच्या हाती पियानो आला, गिटार आली, पण ती वाजविणारे हात पडद्यामागेच राहिले.

पडद्यामागे काय चाले? पुष्कळ संगीतदिग्दर्शक चाल पेटीवर बसून, गुणगुणून बांधीत. ती चाल शंभराच्या आसपास वादकांनी एकाच वेळी वाजवावी असे गाणे करावयाचे, तर कोणीतरी ती कागदावर उतरविली पाहिजे, तिच्याखाली स्वरसंवाद रचला पाहिजे, व्हायोलिनांना काय, चेलोला काय, ट्रंपेटांना काय हे वाटून दिले पाहिजे, आणि कडव्यांच्या मधल्या जागा भरल्या पाहिजेत. हे करणाऱ्यास धंद्यात अरेंजर म्हणत. शंकर-जयकिशन यांच्या भरघोस वाद्यमेळाच्या गाण्यांवर सुमारे दोन दशके सेबास्तियन डिसोझा यांचा हात फिरला. त्याआधी ते लाहोरच्या हॉटेलात बँड चालवीत. फाळणीने त्यांना मुंबईस आणले. ओ. पी. नय्यर यांच्याकडेही त्यांनी काम केले. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड हे मूळचे ट्रंपेटवादक, पुढे अरेंजर. आणि मुंबईच्या चित्रपटांत मिळविलेले त्यांनी आपल्या भाषेस अर्पण केले, ते १९६३ च्या ‘आमचें नशीब’ आणि १९६६ च्या ‘निर्मोण’ या कोंकणी चित्रपटांची निर्मिती करून. श्रेयनामावलीत या माणसांचे नाव आलेच तर बहुधा ‘सहायक’ म्हणून येई. सहायक हा शब्द आमच्या व्यवसायातही आहे, म्हणून त्याची व्याप्ती आम्ही जाणतो: दावा तयार करणारा तो, आणि न्यायालयात उभा राहणारा दुसरा.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांची कथा यांत सर्वांहून निराळी. १९४३ च्या सुमारास ते मुंबईस येऊन नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. परंतु दुसऱ्याच्या चालींखाली स्वरसंवाद लिहून त्यांचे समाधान होईना. आपले राग आणि पाश्चात्य वाद्यवृंद यांचा संयोग व्यासपीठावर, श्रोत्यांसमोर, वादकांच्या उपस्थितीत व्हावा ही त्यांची तळमळ, आणि १९५८ साली त्यांनी स्वतः एक सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करून त्याचा प्रयोग मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. हा उपक्रम टिकला नाही. १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेस सिराक्यूज विद्यापीठात गेले, आणि परतल्यावर चित्रपटांकडे न वळता माजोर्ड्यास राहिले. २०१२ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. मधल्या काळात, १९७७ साली, ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटात लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या चालीवर त्यांचे नाव साऱ्या देशाच्या तोंडी झाले. गुरूस वाहिलेली ही आदरांजली होती, आणि प्यारेलाल यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण परिणाम काय झाला? अंड्यातून बाहेर पडणाऱ्या एका विनोदी पात्राचे ते नाव झाले. नाव गाजले, आणि ज्याचे नाव होते तो माणूस त्या नावाआड अधिकच झाकला गेला.

त्याच १९७७ च्या मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी विरुद्ध ईस्टर्न इंडिया मोशन पिक्चर्स असोसिएशन या प्रकरणी निर्णय दिला. निर्मात्याने मोबदला देऊन संगीतकाराकडून चित्रपटासाठी संगीत करून घेतले, आणि उलट करार नसला, तर त्या संगीताचा पहिला मालक निर्माता, असे न्यायालयाने ठरविले. आम्हांस येथे महत्त्वाची वाटते ती न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यास जोडलेली छोटी पुस्ती. कायदा केवळ स्वररचना करणाऱ्यास ओळखतो. गाणारा आणि वाजविणारा यांस तो ओळखत नाही. आणि आपल्याकडे तर संगीताचे मोल रचनेपेक्षा ते सादर करणाऱ्यात अधिक असते, म्हणून ही स्थिती भारतीय परंपरेस धरून नाही, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. न्यायनिर्णयांत इतके रसिक वाक्य क्वचित आढळते. परंतु पुस्तीने निकाल बदलत नाही.

आता एक गंमत पाहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या मूळ व्याख्येप्रमाणे संगीतकृती म्हणजे स्वरावली आणि स्वरसंवाद यांचा, वा त्यांपैकी एकाचा, जो संयोग मुद्रित, लिखित वा अन्य रीतीने आलेखित झाला असेल तो. म्हणजे कागदावर उतरल्यावाचून कायद्याच्या दृष्टीने संगीत अस्तित्वातच येत नसे. १९९४ च्या दुरुस्तीपर्यंत ही व्याख्या होती. आणि चित्रपटगीत कागदावर कोण उतरवीत होते? लेखनिक हा लेखक होत नाही, हे तत्त्व आम्ही विसरलेलो नाही. चाल ज्याची त्याची, हे आम्हांस मान्य आहे. पण खालचा स्वरसंवाद? मधल्या जागा? त्या कोणी रचल्या, प्रत्येक गाण्यात किती रचल्या, याचा पुरावा आज मिळणे कठीण, आणि ज्यांस विचारावयाचे त्यांपैकी बहुतेक सारे काळाच्या पडद्याआड गेले. असा दावा कोणी लावला असता तर तो चालविण्यास आम्ही आनंदाने उभे राहिलो असतो, आणि बहुधा हरलो असतो.

२०१२ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकार यांस स्वामित्वधनाचा असा हक्क मिळाला की तो त्यांस सहजासहजी लिहून देता येऊ नये. गाणारे, वाजविणारे, नाचणारे या साऱ्यांस कायदा १९९४ पासूनच प्रयोगकर्ते म्हणून ओळखू लागला होता. त्यांसही व्यापारी वापरातील वाटा मिळाला. ऐकावयास किती बरे वाटते! परंतु त्याच दुरुस्तीने प्रयोगकर्त्याच्या व्याख्येस एक परंतुक जोडले. चित्रपटात ज्या व्यक्तीचे काम प्रासंगिक वा आनुषंगिक स्वरूपाचे आहे, आणि धंद्याच्या नेहमीच्या प्रथेप्रमाणे जिचे नाव श्रेयनामावलीत वा अन्यत्र कोठेही दिले जात नाही, ती व्यक्ती प्रयोगकर्ता समजली जाणार नाही. तिच्या कामाची विटंबना झाली तर तेवढ्यापुरती दाद मागता येईल, बाकी नाही. दोन्ही अटी एकत्र लागू व्हाव्या लागतात हे खरे, आणि दिवसभर बसून व्हायोलिन वाजविणाऱ्याचे काम आनुषंगिक नव्हे असा युक्तिवाद करता येईल हेही खरे. पण दुसरी अट पाहा. धंद्याने नाव न देण्याची वाईट खोड लावून घेतली, आणि कायद्याने ती खोडच कसोटी म्हणून स्वीकारली. ज्याचे नाव गाळले गेले त्याचा हक्क दुबळा झाला, कारण त्याचे नाव गाळले गेले. गेली अनेक वर्षे आम्ही कायद्याची कलमे वाचीत आहोत. इतके निर्विकार क्रौर्य थोड्याच कलमांत आम्हांस दिसले.

यंत्राविषयी आता दोन शब्द. पूर्वी गायक आणि सारा वाद्यवृंद एकाच वेळी ध्वनिमुद्रण करीत. एकाने चूक केली की सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवावयाचे. पुढे अनेक पट्ट्यांवर निरनिराळे ध्वनिमुद्रण करण्याची सोय झाली आणि वादक एकेकटा येऊन, कानाला यंत्र लावून, आपला भाग भरून जाऊ लागला. आमच्या मते बँड मोडला तो येथे. माणसे होती, रोजगारही होता, पण एकमेकांकडे पाहणे संपले. १९७० च्या दशकात कर्सी लॉर्ड यांच्यासारख्या चोखंदळ वादकाने सिंथेसायझर आणला तेव्हा ते एक नवे वाद्य होते, कुणाचा पर्याय नव्हते. पण वीस वर्षांत व्हायोलिनांच्या अख्ख्या ताफ्याचा आवाज कळफलकातून निघू लागला. १९९२ च्या ‘रोजा’ने ए. आर. रहमान यांनी ध्वनीचा जो नवा संसार दाखविला तो एका प्रतिभावंताचा होता. त्याचे अनुकरण ज्यांनी केले त्यांनी त्यातील काटकसर तेवढी उचलली. ग्रेगरी बूथ यांनी २००८ च्या आपल्या ग्रंथात या वादकांच्या मुलाखती घेऊन हा सारा काळ नोंदविला आहे, आणि नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ने मुंबईच्या जॅझचा. दोन्ही पुस्तके इंग्रजीत. आमच्या मराठी समीक्षेने चित्रपटगीतांवर जे लिहिले ते मुख्यतः शब्दांवर आणि गळ्यांवर.

याचे एक कारण आमच्या परंपरेतच आहे काय? बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हापासून आम्ही मराठी माणसे गळ्याचे भक्त. तथापि गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा होते आणि सारंगीवर कादरबक्ष होते, आणि प्रेक्षकांस ते दिसत. बालगंधर्व गाताना साथीदारांकडे पाहात, आणि त्यांनी दिलेली दाद प्रेक्षकांपर्यंत पोचे. १९६७ साली बालगंधर्व वारले. चिक चॉकलेटही त्याच वर्षी. आमच्या घरी त्यांपैकी एकाचीच तसबीर होती. दुसऱ्याचे नाव आम्ही ऐकले ते वयाच्या तिशीनंतर, आणि तोवर त्यांचे ट्रंपेट आम्ही असंख्य वेळा ऐकलेले होते.

गतकाळाचे गोडवे गाणाऱ्यांत मात्र आमची गणना होऊ नये. शंभर व्हायोलिने म्हणजे शंभरपट सौंदर्य नव्हे. त्या काळातील कित्येक गाणी वाद्यांच्या बोजाखाली दबलेली आहेत. आणि आजचे सारेच दरिद्री आहे असेही नाही. अजय-अतुल यांनी जिवंत वादकांचा आग्रह सोडलेला नाही. करमाळ्याच्या मातीत घडलेल्या २०१६ च्या ‘सैराट’साठी त्यांनी लॉस एंजेलिसला जाऊन तेथील वाद्यवृंदाकडून संगीत वाजवून घेतले, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला तो उगीच नव्हे. त्यांच्या कर्तृत्वाविषयी आम्हांस आदर आहे. पण जे मुंबईत परळला, ताडदेवला, महालक्ष्मीला रोज वाजत असे ते ऐकावयास सात समुद्रांपलीकडे जावे लागावे, यात अभिमानाइतकीच एक नामुष्कीही आहे.

आमच्या शाळकरी वयात, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, हुबळीच्या गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रा येई. मंडपात पहिल्या रांगेत बसून आम्ही गायकापेक्षा ऑक्टोपॅड वाजविणाऱ्याकडेच पाहात असू. ते ऑर्केस्ट्रे गेले, आणि त्यांच्या जागी ध्वनिक्षेपकांच्या भिंती आल्या. दृश्य वादक टिकतो असा सिद्धांत मांडावा तर हे उदाहरण आड येते, हे आम्ही कबूल करतो. मग तियात्रात बँड कसा टिकला? १८९२ साली मुंबईत पहिले तियात्र झाले तेव्हापासून आजतागायत कांतारांच्या साथीला ट्रंपेट, सॅक्सोफोन, ड्रम यांचा बँड रंगमंचाच्या कडेला बसतोच. कारण, आमच्या समजुतीप्रमाणे, तेथील गाणे अर्धेअधिक प्रसंगावर चालते. कालच्या बातमीवर कांतार रचले जाते, प्रेक्षक ओरडून पुन्हा म्हणावयास लावतात, आणि गायक केव्हा थांबेल, केव्हा हशा ओसरू देईल हे कोणास ठाऊक नसते. तेथे ट्रॅक चालणारच नाही. उलट चित्रपटगीताच्या कार्यक्रमास आपण जातो ते ध्वनिमुद्रिका जशीच्या तशी ऐकावयास. जशीच्या तशी पाहिजे असेल तर वादकाची गरजच काय? म्हणजे दोष निर्मात्यांचा, यंत्राचा, कायद्याचा जितका, तितकाच आमच्या कानांचाही. ख्रिस पेरी आणि लॉर्ना यांच्या जीवनाने सुचविलेला ‘नाचूंया कुंपासार’ हा कोंकणी चित्रपट २०१५ साली आला, त्यात जुनी गाणी नव्याने वाजविलेली आहेत. ती मूळ गाण्यांसारखी नाहीत अशी तक्रार एका स्नेह्याने आमच्याकडे केली. आम्हांस ती तेवढ्याचसाठी आवडली होती.

विद्यानगरातील त्या मंडळींचा पुढचा कार्यक्रम दिवाळीनंतर आहे. त्या बाई पुन्हा गाणार आहेत. आम्ही संयोजकांस सुचविले की निदान तीन गाण्यांना तबला, अ‍ॅकॉर्डियन आणि एक व्हायोलिन असावे. धारवाडात तबल्याची वाण नाही. व्हायोलिनवाले एक निवृत्त गृहस्थ रेल्वेच्या वसाहतीत राहतात. खर्चाची तक्रार आम्ही अपेक्षिली होती, ती झाली नाही. अडचण निघाली ती तालमीची: ट्रॅकवर प्रत्येकजण आपापल्या घरी रात्री सराव करतो, वादक म्हटले की सर्वांनी एका ठिकाणी जमणे आले. शेवटी रविवारी सकाळी आमच्याच ओसरीवर बसावयाचे ठरले. वादकांची नावे पत्रिकेत गायकांच्याच टाइपात छापावीत, एवढी एक अट आम्ही घातली आहे. ती मान्य झाल्याचे सांगण्यात आले. पत्रिका अद्याप छापावयाची आहे.